सागवानी चाकं

शहापूर, श्रावण वद्य दशमी, १९७६. संध्याकाळ.

लेकरांचा तान्हा पोळा जवळ आला, म्हणून हे दिवसभर लाकडी बैलांची चाकं घडवतात. विकायच्या बैलांना साधंच लाकूड. पण एकाला सागवानी चाकं लावली आणि तो बैल पोत्याखाली लपवला. कोणासाठी? आमच्या घरी तर लेकरू नाही.

लाकूड आणायला नाकाडोंगरीला जातो म्हणाले होते. पण शेजारणीने यांना दिघोरीच्या मोटारीत पाहिलं. नणंद वारल्यापासून तिथं आमचं कोण उरलं? सागवान कोणासाठी? मनात नको ते येत राहिलं. दुसरं घर तर केलं नसेल?

आज पोतं ओढून सरळ विचारलं, "हा बैल कोणाच्या पोराचा?"

यांचा हात थांबला. "बहिणीच्या पोरीचा. तिचा बाप दुसरं लगन करून राहिला. तिले आपल्या घरी आणाव म्हणतो."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू नाही म्हणशीन, असं वाटलं."

इतक्या वर्षांत मला एवढंच ओळखलं? राग आला, रडूही आलं. उठून चुलीपाशी गेले. हे दारात उभेच होते.

शेवटी पाठमोरीच बोलले, "पोरगी दूधभात खाते का?"