रविवारी फिलिप शपथ घेणार नाही

प्रिय क्लॅरिस,

तुझा निरोप पोचला. रविवारी मिस्सा झाल्यावर फिलिप गावच्या क्रुसावर हात ठेवून दारू सोडायची शपथ घेणार, बँड ठरलाय, आणि घरातला वडीलधारा म्हणून शपथेचे शब्द मी सांगायचे. तोवर बाटलीपासून लांब राहावा म्हणून शुक्रवारी नवऱ्याला गोराईला माझ्याकडे धाडलंस. तुझी माया कळते गं. पण ही शपथ मी देणार नाही. का, ते वाच, मग हवं तेवढं भांड.

तुझा पपा अर्बन, माझा धाकटा भाऊ, शाळेत कसा होता ते तुला कुणी सांगितलं नसेल. अंधेरीच्या आपल्या गावठाणामागे तेव्हा नुसतं भात. मास्तर आर्या चालीवर म्हणायचे आणि अर्बन बाकावर बोटांनी ठेका धरायचा. मला आधी अर्थ कळायचा, त्याला चाल. कविता पाठ झाली की आम्ही बांधावरून ती ओरडत घरी यायचो, बगळे उडायचे. अजूनही एखादी ओळ आठवली की मला आधी तो चिखलाचा वास येतो. मग शेतं गेली, कारखाने आले. अर्बन रात्रपाळीला लागला आणि पाळी सुटली की चोरट्या गुत्त्यावर. आधी थकवा उतरवायला, पुढे हात स्थिर राहावा म्हणून. घोट पोटात गेल्याशिवाय त्याला सकाळी चहाचा कप धरता येत नसे. हे रोज पाहणारं गाव त्याला ‘बेवडा’ म्हणून मोकळं व्हायचं.

तू पहिलीत होतीस तेव्हा ईस्टरआधीच्या उपासकाळात त्याने शपथ घेतली. काय थाट! हार, टाळ्या, बँड. त्यानंतर त्याने थेंबही घेतला नाही, हे मी कुठेही सांगेन. दुसऱ्या दिवशी अंग थरथरू लागलं. तिसऱ्या दिवशी तो उकिडवा बसून घरातल्या जमिनीत भाताची रोपं लावू लागला, चिमटीचिमटीने, अगदी ओळीत. घामाने निथळत मला म्हणाला, ‘दादा, सरक ना रे, पाणी येतंय.’ रोपं नव्हती, पाणीही नव्हतं. गावाचं निदान तयार! नाटकं करतोय, घोट मागायचा बहाणा. दार लावून घ्या, शपथ मोडू देऊ नका. इस्पितळाचं नाव काढायलाही सगळे घाबरायचे. दारूबंदीचे दिवस, डॉक्टर आधी तोंडाचा वास घेणार आणि मग हवालदाराला हाक. फिट आली तेव्हा कुठे टॅक्सी आणली.

आणि तिथला तो डॉक्टर! ‘किती प्यायलास रे?’ तुझी आई हात जोडून सांगत होती, ‘साहेब, तीन दिवस शिवला नाही तो.’ ‘सगळ्या बेवड्यांच्या बायका असंच सांगतात.’ वॉर्डबॉय फिदीफिदी हसला. माझ्या भावाला व्हरांड्यातल्या खाटेला बांधून ठेवलं. त्याच मजल्यावर स्वतंत्र खोलीत एक शेठ होते, पिण्याचा सरकारी परवाना असलेले. त्यांचेही हात कापत होते. त्यांना ‘विश्रांतीची गरज’ होती, सलाइन होतं, उशाशी नर्स होती. दुखणं एकच गं! परवाना असला की आजार, नसला की गुन्हा. पहाटे अर्बन गेला. तुला सांगितलं टायफॉइड, कारण बेवड्याच्या पोरीला स्थळ कोण आणणार? तो दारूनेही मेला नाही. मुरलेली दारू एका झटक्यात तोडली म्हणून मेला. ज्यांनी हे ओळखायचं, त्यांना त्याच्याकडे धड पाहायचंच नव्हतं.

शुक्रवारी फिलिप होडीतून उतरला. तुला खूश करायला त्याने आदल्या दिवसापासूनच बंद केली होती. ‘काका, रविवारी झकास बोलून दाखवतो बघा,’ म्हणाला. हातातली बशी वाजत होती. संध्याकाळी अंगणात माश्या हाकलू लागला. एकही माशी नव्हती.

क्लॅरिस, आम्ही गोराईत नाही. मी तसाच त्याला घेऊन निघालो. वाटेत एका नर्सिंग होमने दारातूनच परतवलं, ‘असले पेशंट आम्ही घेत नाही.’ इतकी वर्षं गेली, तोंडं बदलली, वाक्य तेच! चेंबूरच्या एका इस्पितळात शेवटी जागा मिळाली. त्याच्या खाटेशेजारी बसून हे लिहितोय. इथली नर्स ज्युलिया अंधेरीलाच राहते, घरी जाताना हे तुला देईल. इथल्या डॉक्टरबाईंनी वास घेतला नाही, नाडी घेतली. ‘एकदम बंद केली का? कधीपासून?’ एवढंच विचारलं. आता गोळ्या भरपूर देऊन रोज थोड्या कमी करत नेणार, इंजेक्शनं चालू आहेत. धोका अजून टळलेला नाही. फादरना आणि बँडवाल्यांना सांग, फिलिप आजारी आहे, दारूचा आजार. याच शब्दांत सांग, आवाज न उतरवता. आणि ज्युलियाकडून वॉर्ड विचारून लगेच निघ. शुद्धीत आला की तो तुझं नाव घेतो आणि भिंतीकडे तोंड करतो. तुझी शपथ चुकली याची त्याला शरम वाटतेय, आणि तिच्यावर डॉक्टरबाईंकडे गोळी नाही.

वाट पाहणारा,
तुझाच
बॅप्टिस्ट काका