हातगाडी, स्प्रिंगचा काटा आणि पहिला नियम

११ ऑगस्ट १९८८, गुरुवार
फिजिक्सच्या पहिल्या टेस्टचा पेपर मिळाला. पंचवीसपैकी सहा. दुर्गदबैलच्या बाजारात तीस वर्षं खिळे-बिजागऱ्या विकल्या, पण असा अपमान कुणी केला नव्हता. प्रश्न काय, तर सपाट जमिनीवर एकसारख्या वेगानं चाललेल्या वस्तूवर एकूण फोर्स किती? मी लिहिलं, पुढच्या दिशेला असणारच, नाहीतर वस्तू थांबेल. हातगाडी ओढणाऱ्या कुणालाही विचारा. त्यावर हिरेमठ मॅडमनी लाल शाईत भोपळा काढलाय. माझ्या थोरल्या लेकीपेक्षा लहान आहे ही बाई! वर्गातली पोरं मला अण्णा म्हणतात नि मागं बसून खिदळतात. खिदळू देत.

१२ ऑगस्ट
वर्गात उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, तुमचा नियम पुस्तकात चालतो, आमच्या बोळात चालत नाही. ओढणं सोडलं की गाडी थांबते." पोरांनी बाकं वाजवली. मॅ. चिडल्या नाहीत. "कुंदर्री अण्णा, बसा. तुमच्या दुकानात स्प्रिंगचा काटा हाय की? गाडीला अडकवून ओढून बघा. मग चाकाला ग्रीस घालून परत बघा. प्रूफ तर्री, घेऊन या." आणतो की!

संध्याकाळी सौ.नं पेपर सुहासला दाखवला. पोरगा सुरू. "अप्पा, दसरा-दिवाळीचा सीझन तोंडावर आलाय, दुकान मी एकटा किती बघू? सत्तेचाळिसाव्या वर्षी बी.एस्सी. करून काय मिळणार?" मिळणार काय म्हणजे? कॉलेजच्या आधीचं पी.यू.सी. झाल्या झाल्या वडिलांनी मला दुकानाच्या गादीवर बसवलं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं? शिकायचं राहिलं ते राहिलंच. रागात बोलून गेलो, पुढच्या टेस्टला पास झालो नाही तर कॉलेज बंद, गादीवर बसतो. शब्द दिला. माझा शब्द बाजारात आजवर खाली पडलेला नाही.

२१ ऑगस्ट, रविवार
बाजार बंद, बोळ मोकळा. आमच्या हमाल हणमंताची हातगाडी, वर खिळ्यांची पोती. काटा अडकवला. हणमंता एका चालीनं ओढणार, मी शेजारून पळत वाचणार. आठ किलो! ओरडूनच सांगितलं सगळ्यांना, बघा, फोर्स हाय का न्हाई! शेजारचे दुकानदार शेट्टर चहाचा कप घेऊन तमाशा बघायला. सुहास दुकानात तोंड लपवून.

मग चाकाला ग्रीस घातलं. काटा पाच किलोवर. मग शेट्टरांची बेअरिंगची नवी गाडी मागून आणली, त्यावर तीच पोती. तीन. माल तोच, चाल तीच, आणि काटा आपला खाली खाली.

बोळातच उभा राहिलो. अरे, हा सगळा जोर घर्षणाशी भांडण्यात जात होता! हणमंता जेवढं पुढं ओढतो तेवढंच घर्षण मागं ओढतं. एकूण शून्य. घर्षण नसतंच, तर चाललेली गाडी चालतच राहिली असती, ओढायची गरजच नाही. म्हणजे मॅ. बरोबर, मी चूक. लाज वाटायला पाहिजे होती. छे, आनंदानं नुसता वेडा झालो. शेट्टरांना मिठीच मारणार होतो. हणमंता विचारतोय, "अण्णा, अजून किती येळ ओढू?"

२२ ऑगस्ट
वर्गात स्वतःहून सांगितलं, मी चुकलो. परत बाकं वाजली. मॅ.नी माझे आकडे फळ्यावर लिहिले आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावले. माझे आकडे!

८ सप्टेंबर
रोज पहाटे अभ्यास. आज सौ.ला घर्षण समजावलं, अगदी सविस्तर. म्हणाली, एवढ्या प्रेमानं माझ्याशी कधी बोलला नाहीत. बोलतो की. बोलत नाही काय?

२२ सप्टेंबर, गुरुवार
टेस्ट झाली. पहिलाच प्रश्न घर्षणाचा! लिहीत सुटलो. गाडी, ग्रीस, बेअरिंग, बाणांच्या आकृत्या. तीन पानं झाली. घंटा वाजली तेव्हा बाकीचे दोन प्रश्न कोरे. येत होते हो दोन्ही. येत होते!

२९ सप्टेंबर
पहिल्या प्रश्नाला आठपैकी आठ. एकूणही आठच. पास व्हायला नऊ लागतात. मॅ. म्हणाल्या, "असं उत्तर मला अजून कुणी दिलं नव्हतं. ही टेस्ट वार्षिक परीक्षेत धरत नाहीत, काळजी करू नका अण्णा." त्यांना काय ठाऊक, मी घरी काय बोलून बसलोय. एक मार्क मागितला असता तर कदाचित... नाही मागितला. मागून घेतलेला मार्क काय कामाचा.

३० सप्टेंबर
सुहासला मीच सांगितलं. वाटलं होतं, पोरगा खूश होईल. नुसतं "बरं" म्हणाला नि किल्ल्या पुढं सरकवल्या. रात्री जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून गादीवर. एका गिऱ्हाइकाला दोन इंची खिळ्यांऐवजी तीन इंची दिले, तो परत येऊन बडबडून गेला. आज अकराला मॅ. फिरणारं चाक सुरू करणार आहेत. कडेला ओढ लावली तर सोपं का जातं, आसाजवळ जड का. रोज बघतो, पण कारण सांगता येणार नाही मला. आता दहा वाजलेत. विद्यानगरला कॉलेजात जायला अर्धा तास धरला तरी पोचतो.

शब्द मोडला तर उद्या पोरगा माझं काय ऐकणार? बाजाराचं सोडा, मलाच माझं तोंड बघवणार नाही. आणि इथं बसून राहिलो तर मरेपर्यंत चुळबुळत राहीन, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

सुहासला हाक मारली. गोदामातून "आलो अप्पा" म्हणाला. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. चपला मात्र पायात घातल्यात.