नळदुर्गला गेलेला हिरवा चुडा

अम्मी, आपण घरात कधी मराठी बोललो नाही. घरात दखनी, आणि मराठी गिऱ्हाइकांसाठी. दाराशी एखादी बाई आली की तुमची जीभ बदलायची, आवाजही जरा मऊ व्हायचा. हे पत्र गिऱ्हाइकांबद्दल आहे, म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती निस्तरायला मला एक अख्खा दिवस रस्त्यावर काढावा लागला. त्या दिवशी तुमची इतकी आठवण झाली, की ते सगळं कुणाला तरी सांगायचं तर तुम्हालाच सांगावं असं वाटलं.

पुढच्या खोलीत जिथं तुमची बांगड्यांची पेटी असायची, तिथं आता माझं पॅकिंगचं टेबल आहे. बांगड्या मीही विकते, पण हात न बघता. बायका मोबाइलवर फोटो बघतात, रंग निवडतात, माप लिहितात, आणि मी डबा बांधून कुरिअरवाल्याच्या हाती देते. नाशिकला जातात, नागपूरला जातात. तुम्ही आपल्या मुरूम गावाच्या भोवतीची गावं डोक्यावर पेटी घेऊन पायी पालथी घातलीत, आणि मला माझ्या गिऱ्हाइकांचे चेहरेही माहीत नाहीत. काच आहे, फुटते. नवा डबा आणला की मी तो आधी भरून पलंगावरून खाली टाकून बघते, मग वापरते, तरी फुटते. मग मेसेज येतो, चार फुटल्या. तुम्ही आम्हाला कधी फुटली म्हणू दिलं नाही. बांगडी वाढली म्हणायचं. मीही सवयीनं तसंच लिहिते, ‘वाढल्या असतील तर बदलून देऊ’. एका मुलीनं उलट विचारलं, ‘वाढल्या म्हणजे जास्त आल्या का?’ तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

मी दहावीत असताना आठवडी बाजारात तुमच्या शेजारी बसलेली असते. पुढ्यात एक बाई, रानात राबून हात लाकडासारखा झालेला. तुम्ही तिला सांगताय, ‘हात ढिला सोड बाई, माझ्याकडं बघू नको, तिकडं बाजाराकडं बघ.’ ती काही हात ढिला सोडत नाही. बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर येऊन तुटते आणि रक्त येतं. ती ओरडते, तुमच्यावर चिडते, चार बायका जमा होतात. तेव्हा मी मध्ये तोंड घालते, ‘मावशी, तुमचाच हात कडक हाय, आमी काय करणार?’ तुम्ही पदराचं टोक तिच्या अंगठ्यावर दाबून धरता, रक्त थांबेपर्यंत तिच्या लेकराबाळांची चौकशी करता, मग साबणाचं पाणी लावून एक माप वरची डझनभर बांगडी तिला भरता, आणि तुटलेली तुमच्याकडं ठेवून घेता. घरी येताना, ओढ्याजवळ, तुम्ही बोललात. ‘हात उनका है, काच अपनी है.’ मला ते कळलं नाही म्हणून पुन्हा समजावलंत. बांगडी बाईच्या मनगटात नीट बसेपर्यंत ती आपली. कुणाचा हात कडक, कुणाचा धक्का लागला, ते मागून. दुखलं कुणाला ते आधी बघ. आणि सगळ्यांसमोर गिऱ्हाइकाला खाली पाहायला लावलंस, तर उद्यापासून माझ्याजवळ बसू नकोस.

म्हणून कुणी तुम्हाला साधीभोळी समजू नये. एका मोठ्या घरच्या बाईनं एकदा, तुम्ही दोन बांगड्या कमी दिल्यात म्हणून, तुम्हाला बोलावून घेतलं होतं. तुम्ही तिच्याच ओट्यावर बसून तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या एक एक करून मोजल्यात, पुऱ्या निघाल्या, उठलात, आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाहीत. भांडण नाही, उणा शब्द नाही. तिचा निरोप आला तरी गेला नाहीत. मला आजवर तेवढं नेमकं वागता आलेलं नाही. मी एक तर फार माघार घेते नाही तर फार भांडते.

आता माझी चूक. एकाच दिवशी माझ्याकडून दोन डबे निघाले, दोन्ही सारख्याच आकाराचे. एकात सोलापूरच्या एका नवरीचा हिरवा चुडा. त्या मुलीचं मनगट लहान, दोन-दोन माप, शाळेतल्या पोरीच्या हातात बसेल असं. ते माप मी मुद्दाम व्यापाऱ्याला सांगून मागवलं होतं. दुसऱ्या डब्यात नळदुर्गच्या एका बाईनं मागवलेल्या डझनभर साध्या चॉकलेटी बांगड्या. डबे मीच बांधले आणि पत्त्याची लेबलं मीच उलटसुलट चिकटवली. दोन दिवसांनी नळदुर्गच्या बाईनं एक स्टार दिला आणि खाली लिहिलं, ‘चेष्टा करता का गरिबाची.’ मी सगळ्यांना पाठवते तोच ठरलेला मेसेज पाठवला, माल परत पाठवा, तपासून बदलून मिळेल. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोलापूरहून नवरीच्या आईचा फोन. ‘उद्या दुपारी चुडा भरायचाय, आन् तुमी काय पाठवलंय? लग्नाच्या घरात हा रंग?’ तेव्हा मला कळलं काय झालंय ते. दुसरा चुडा त्या मापात माझ्याकडं नव्हता. मी म्हटलं, उद्या बारापर्यंत आणून देते, तुमच्याकडच्या बांगड्या तेवढ्या परत द्या. ती म्हणाली, ‘आधी चुडा हातात बसू द्या, मग बघू.’ मी नळदुर्गला फोन लावला. बाईनं उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. आता हे गिऱ्हाईक अडूनच बसलंय असं मी मनाशी धरलं, आणि सकाळच्या पहिल्या एसटीत बसले. पर्समध्ये तिच्या ऑर्डरचा कागद घेतला होता. तिचं नाव, चॉकलेटी, एक डझन. वाद झालाच तर दाखवायला.

किल्ल्याच्या अंगाच्या एका गल्लीत घर सापडलं. दार तिच्या मोठ्या जावेनं उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला आत घेतलं, बसा म्हणाली नाही. ‘तुमीच व्हय पाठवणाऱ्या? बरं झालं आलात. माझ्या दिराला जाऊन चार महिने झाले न्हाईत, आन् हिच्या नावानं घरात हिरवा चुडा येतो. काय समजायचं लोकांनी? लई घाई झाली म्हणा हिला.’ चुड्याचा डबा बाजेवर उघडा पडलेला. स्वयंपाकघराच्या दारात चाळिशीची एक बाई उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेतलेले. मी पर्सची चेन उघडली. कागद काढला असता तर एका मिनिटात माझी बाजू स्वच्छ झाली असती, बघा, हिनं हिरवा मागवलाच नव्हता. त्या बाईनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हिनं काहीतरी मागवलंय हेच या घरात कुणाला माहीत नाही.

मी चेन लावली. म्हटलं, ‘ताई, या बाईंचा काही संबंध न्हाय. हा चुडा सोलापूरच्या एका नवरीचा. तुमच्या दिरानं मागं कधी यांच्या नावानं काही मागवलं असंल, तो पत्ता आमच्या मोबाइलमध्ये राहिला, आणि माझ्या हातून चुकीचं लेबल लागलं. चूक माझी आहे. तुमच्या घरात हिच्यामुळं नव्हे, माझ्यामुळं बोलणं झालं. मी माफी मागायला आलेय.’ जाऊ बाजेपाशी गेली. मग म्हणाली, ‘असं व्हय. मग फोन करून सांगायला काय झालं?’ मी म्हटलं, लागला न्हाय. तिनं डबा बंद करून माझ्या हातात दिला. जरा वेळानं पाणीही दिलं. धाकट्या जावेला म्हणाली, ‘तू तरी तोंड उघडून सांगायचं न्हाय का?’ आवाज पहिल्यासारखा नव्हता.

‘बाईंना स्टँडपतूर सोडून येते,’ म्हणून ती माझ्याबरोबर निघाली. गल्ली संपली. मग म्हणाली, ‘दुपारी डबा आला तवा घरात म्या एकलीच व्हते. उघडला तर हिरवा चुडा. कुठं ठेवू, काय करू सुचंना. जाऊबाई रानातनं आल्या आन् त्यांच्या नजरेला पडला. मग दुसऱ्या दिशी तुमचा फोन वाजला तवा बंदच करून टाकला.’ थोडं चालल्यावर हळूच विचारलं, ‘माझ्या चॉकलेटी कुठायत?’ मी म्हटलं, ‘सोलापुरात. चारच्या सुमाराला इथंच या. घेऊन येते.’ ती म्हणाली, ‘बाजारात बघून घ्यायची सोय न्हाय. सगळे वळखतात. म्हणून त्या मोबाइलवरनं मागवल्या. हातात काहीच नसलं ना, की हात दुसऱ्याचा वाटतो.’

सोलापूरला पोहोचले तेव्हा मांडवात बायका बसल्या होत्या. नवरीच्या आईनं डबा घेतला नाही. म्हणाली, ‘आता तुमीच भरा. मापात बसला तरच मानीन.’ अम्मी, मी किती वर्षांत कुणाच्या हातात बांगडी भरली नव्हती. मुलीचा हात हातात घेतला, अंगठा तळव्याकडं दुमडला, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, तिकडं मांडवाकडं बघ. पहिल्या दोन सहज गेल्या. तिसरी तडकली. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. मी मोठ्यानं म्हटलं, ‘वाढली.’ कोपऱ्यात बसलेली म्हातारी आजी म्हणाली, ‘वाढू द्या, चांगलंच की,’ आणि बायका हसल्या. चुड्यात मी दोन जास्तीच्या घातलेल्या असतात, त्यातली एक भरली. मुलीच्या बोटाला काच लागली नाही ना, ते मात्र मी आधी बघितलं होतं. शेवटची बांगडी बसल्यावर आईनं चॉकलेटी बांगड्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला. चहा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तीन स्टार आले, खाली ‘बाई चांगल्या, कारभार भोंगळ’. खरं तेच लिहिलंय म्हणून मी त्यावर काही उत्तर दिलं नाही.

नळदुर्गच्या स्टँडवर ती भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. मी डबा पुढं केला. तिनं तो घेतला नाही, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, ‘तुमी भराल का?’ आम्ही बाकड्यावर बसलो. एसट्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर गावांची नावं घेत होते, आणि कुणाचंच आमच्याकडं लक्ष नव्हतं. तिचा हात गार होता. दोन्ही मनगटांत दोन-दोन भरल्या, त्यातली एकही वाढली नाही. उरलेल्या तिनं पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवल्या. मी विचारलं, ‘घरी काय सांगणार?’ ती म्हणाली, ‘बघू. म्या तर भरून घेतल्या.’ आणि हात पदराखाली न घेताच गेली. तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत, अम्मी. रोज कितीतरी अनोळखी बायका आपला हात तुमच्या हातात देऊन दुसरीकडं बघायच्या. मी त्याला धंदा म्हणत होते. त्या बाकड्यावर पहिल्यांदा कळलं, की त्या तुमच्यावर किती विश्वास टाकत होत्या, आणि तुम्ही तो किती सहज पेलत होतात.

आता लेबल चिकटवण्याआधी मी डबा उघडून पुन्हा रंग बघते, आणि तो ठरलेला मेसेज पुसून टाकलाय. हा कागद काही कुठं जायचा नाही, पण एक गोष्ट यात लिहिल्याशिवाय तो मिटता येत नाही. नळदुर्गला डबा पोहोचला त्या दुपारी, ती घरात एकटी असताना, तिनं मला तीन वेळा फोन केला होता. माझ्या मोबाइलवर तिचं नाव दिसत होतं. गिऱ्हाइकाचा फोन म्हणजे तक्रार असणार, म्हणून मी मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि पॅकिंग करत राहिले. तिच्या जावेसमोर मी फोन लागला नाही म्हणाले तेव्हा ती तिथंच दारात उभी होती, आणि तिनं ते ऐकून घेतलं. बाकड्यावरही तिनं तो विषय काढला नाही. तिला फोन करून हे सांगायचं मी रोज ठरवते, आणि पंधरा दिवस झाले, अजून केलेला नाही.