काकाकुव्यांचं पाकीट

प्रिय कॉलिन,

काल तुझ्या घरून आईचा फोन आला. "विसरलीस ना गं मला?" तुला विचारलं, तर म्हणालास, "आईच्या नावाने पाकिटं येतात तुझी, पण आत काहीच नसतं. फेकून देतो." अरे शहाण्या, पाकीट हेच पत्र होतं! चहाच्या खोक्याचं, जुन्या नकाशाचं, वर खळीने चिकटवलेले कागदी काकाकुवे. तुला फक्त बिलं ओळखू येतात.

माझा तिरस्कार अन्यायाचा आहे का, हे तपासलं. थोडा आहे. तेवढा वजा करूनही पुष्कळ उरतो.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. मजकूर आत दुमडून याचंच पाकीट करतेय. आई तुझ्यासारखी पाकीट फोडत नाही, नुसती बघत बसते. शनिवारी तुझ्या घरी बॅलरॅटला येऊन तिच्याच हातात देईन.

तू फक्त दार उघड. तेवढं जमेल तुला.

तुझी बहीण,
मेरेडिथ