ओदीलसाठी एक खुर्ची

प्रिय सोलांज मॅडम,

इराच्या शाळेतून मेल आली आणि मला पहिला राग आला तो तुमचा. शाळेचा नंतर. अशा वेळी जिला फोन करायचा, त्या बाईने आधीच निघून जायचं म्हणजे काय? म्हणून पत्र लिहायला बसलेय. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. पण तुम्ही हयात असतानाही माझ्या मेलना कुठे उत्तरं देत होतात!

शाळेचं म्हणणं असं, की इराने सुट्टीनंतर गणितासाठी 'हायर' ही वरची पातळी सोडून खालच्या, 'ऑर्डिनरी'च्या वर्गात बसावं. तिथे तिला 'जास्त सोयीचं' वाटेल. मी या देशात नवी होते तेव्हा तुम्हीच समजावलं होतंत, की पुढचे बरेच कोर्सेस त्या हायरच्या पेपरावर अडतात आणि मुलांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

इराला काहीच वाटलं नाही, याचं मला जास्त वाटलं. "आई, इट्स ग्रँड. आय'म जस्ट नॉट अ मॅथ्स पर्सन." तेरा वर्षांच्या पोरीला हे कोणी सांगितलं हो? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कोणीच सांगत नाही, तिथेच तर गोम आहे.

सचिन ऑफिसमधून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? ग्राइंड्स लावून टाकू. सगळेच लावतात." इथे शिकवणीला ग्राइंड्स म्हणतात, आणि आपल्या ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी ग्रुपवर विचारायचा अवकाश, चहा होईपर्यंत शिकवणाऱ्याचा नंबर आला. मीही तो सेव्ह केला. तुमच्या हाताखाली शिक्षणाच्या समाजशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई! हसा, खुशाल हसा.

आठवतं, मेनूथच्या विद्यापीठात सगळे तुम्हाला नुसतं 'सोलांज' म्हणायचे आणि माझी जीभ काही वळायची नाही? नागपूरच्या शाळेत शिकलेली मी, बाईंना नावाने हाक कशी मारणार? मी 'मॅडम'वर अडून बसले. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मलाच 'मॅडम' म्हणायला लागलात, तेही अख्ख्या विभागासमोर.

तुमचं काम काय, असं माझ्या बाबांनी फोनवर विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं, "वर्गात मागच्या बाकावर बसतात." ते खोटं नव्हतं. आधी फ्रान्समध्ये, मग इथे, तुम्ही उभी हयात मागच्या बाकावर काढलीत, मांडीवर कोट घेऊन. मुलं उत्तर काय देतात याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसायचं. उत्तर चुकल्यावर शिक्षक कोणाला "परत प्रयत्न कर" म्हणतात आणि कोणाला "बस" म्हणतात, ते तुम्ही बघत होतात. मी माझ्या पहिल्या शाळेतून परत आले आणि शिक्षिकेचं तोंडभरून कौतुक केलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "खिडकीजवळ कोण बसलं होतं?" मला सांगता येईना.

मंत्रालयवाले तुम्हाला बोलवायचे, टाळ्या वाजवायचे. परत आलात की मी विचारायचे, काय झालं? "जेवण चांगलं होतं," एवढंच सांगायचात.

आणि एकदा डून लेरीला समुद्राच्या धक्क्यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं. वारा इतका, की ओरडूनच बोलावं लागत होतं, त्यामुळे भांडणाला रंगही चढला. तुम्ही ग्राइंड्सवर घसरला होतात. शिकवणी लावलेलं मूल वर जातं, वर्ग होता तिथेच राहतो, वगैरे. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला मुलं नाहीत. तुम्हाला हे बोलणं सोपं आहे." ते मला आजही चुकीचं वाटत नाही. तुम्ही तशाच पुढे चालत गेलात. आणि मग, धक्क्याच्या टोकाला बसून, पहिल्यांदा तुमच्या आईबद्दल बोललात.

उत्तर फ्रान्समधलं खाणीचं गाव. आई शाळेच्याच भटारखान्यात स्वयंपाक करायची. तुम्ही आणि तुमची मैत्रीण ओदील एका बाकावर. हेडमास्तरांनी ठरवून टाकलं, दोघींनी शिवणकामाच्या शाळेत जावं. आईने चांगला कोट घातला, हेडमास्तरांच्या खोलीत गेली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. तिला वाद घालता येत नव्हता. तिने मांडीवर पर्स धरली आणि ती उठलीच नाही. शेवटी संध्याकाळी खोली बंद करायची म्हणून हेडमास्तरांनी तुमचं नाव शिवणकामाच्या यादीतून काढून पुढच्या शिक्षणाच्या यादीत घातलं.

"आणि ओदील?" मी विचारलं.

"ओदीलच्या आईला त्या दिवशी कामावर जायचं होतं."

बस, इतकंच. तुमची पुस्तकं, व्याख्यानं, तो सगळा मागचा बाक, सगळं त्या एका वाक्यातून निघालं होतं. एका मुलीचं आयुष्य आईच्या बसण्यावर ठरतं, तर शाळा कशासाठी आहे? हे तुम्ही जन्मभर विचारत राहिलात. हॉस्पिटलातसुद्धा! मी डबा घेऊन आले तर तुम्ही नर्सला तिच्या मुलीच्या शाळेबद्दल खोदून खोदून विचारत होतात. आजार मात्र माझ्यापासून लपवलात. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी सोडणारही नाही.

आता खरी गोष्ट सांगते. तीच मेल केलीलाही आली आहे. केली म्हणजे इराची मैत्रीण, आमच्यापासून दोन दारं सोडून राहते. काल दोघी आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. इराचं एक समीकरण अडलं होतं आणि केली तिला ते समजावत होती, पोह्यांच्या ताटलीतले शेंगदाणे इकडून तिकडे सरकवत. झकास समजावलं! मी गॅसपाशी उभी राहून ऐकत होते. मॅडम, मला खिडकीजवळची मुलगी दिसली.

इराला ग्राइंड्स लागतील, ती तरून जाईल. केलीचं काय?

मी तिच्या आईकडे गेले. ती वृद्धाश्रमात शिफ्ट करते, नुकतीच आली होती, पाय स्टुलावर टेकवून बसली होती. म्हणाली, "जाऊन काय उपयोग? तिथला युअर मॅन, तो मुख्याध्यापक, मला परत तेच सांगणार. आणि मी मान डोलावून परत येणार." मी म्हटलं, गुरुवारी तुझी सुट्टी आहे, त्याच दिवशीची वेळ मी शाळेकडे मागून घेतली आहे. दोघींची.

तिने पाय खाली घेतले. "पण मी तिथे बोलू काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसायचं."

सचिन म्हणतो, भांडून येशील. कदाचित येईनही. पण तुम्हाला शब्द देते, मी एकट्या इराचं नाव हायरच्या यादीत घालून घेऊन उठणार नाही. बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही शिकवलंयत तेवढं. आणि त्यांनी फक्त माझ्या मुलीसाठी "ठीक आहे" म्हटलं, तर मी मांडीवर पर्स धरून बसून राहीन. त्यांना खोली बंद करायची असेल तर करू देत.

केलीची आई आत्ताच दारात येऊन गेली. विचारत होती, गुरुवारी कोणता कोट घालू? मी म्हटलं, चांगला.

तुमची,
वृषाली मॅडम