शेवग्यावरच्या कोंबड्या

अहो, मी इगतपुरीला माझ्या भावाकडे चालले आहे, आपल्या प्रफुल्लला परत आणायला. दुपारच्या पॅसेंजरने निघते, उद्या संध्याकाळी येईन. पिठलं-भाकरी झाकून ठेवली आहे.

नव्या कोंबड्या अजून खुराड्याला रुळलेल्या नाहीत. काल तुम्ही काठी घेऊन ओरडत मागे धावलात, म्हणून त्या रात्रभर शेवग्यावर बसल्या. बोका टपलेलाच असतो. आज दिवेलागणीला खुराड्यातला बल्ब लावा, आत मूठभर कणी टाका आणि लांब ओट्यावर गप्प बसून राहा. अंधारात त्या आत शिरत नाहीत. एखादी दारात घुटमळली तरी हुसकावू नका, तिची ती जाईल. मग दार हळूच लावा.

तुमच्या ओरडण्याने पोरगा मामाकडे निघून गेल्यापासून या घरात मला बोलायला कोंबड्यांशिवाय कोणी नाही, पण तुम्हाला ते कुठं कळतंय! मी अजून तिघांचाच भात टाकते आणि सकाळी उरलेला त्यांना घालते.

उद्या ओट्यावरचाही दिवा लावून ठेवा. प्रफुल्ल आला आणि दारात घुटमळला, तर तो आत येईस्तोवर एक शब्द बोलू नका.

— प्रतिभा