पंपाच्या पोटातल्या ओळी

४ मार्च

पंपाच्या तपासणीचं काम मागून घेतलंच! साहेब नको म्हणत होते — "घरचं प्रकरण आहे, तू लांब राहा." पण पंप आमच्याच कंपनीचा. बाबांच्या शिरेत औषध सोडणारा. त्याच्या नोंदी माझ्याइतक्या कुणाला कळणार?

तीन आठवडे झाले बाबांना जाऊन. नळी तुंबली, औषध थांबलं, अलार्म बंद. नर्स म्हणते, अलार्मला मी हात लावला नाही. दादाने तक्रार ठोकली. हॉस्पिटलने तिला घरी बसवलंय. बसू दे!

५ मार्च

फाइल उघडली. कचरा! प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन, अर्धवट ओळी. पंपाचे कच्चे बाइट, म्हणजे नुसते आकडे, कुणीतरी अक्षरं समजून तसेच नोंदींच्या फाइलमध्ये ओतलेत. मध्ये शून्य आलं की ओळ तिथेच तुटते. मला हवं ते नेमकं शून्याच्या पलीकडे.

६ मार्च

काही नाही. डोकं ठणकतंय.

७ मार्च

मूळ बाइट पंपाच्या चिपमध्ये शाबूत निघाले. दिवसभर एकच काम — प्रत्येक बाइटचे दोन अंक, ओळीत सोळा, डावीकडे क्रमांक, उजवीकडे वाचता येतील ती अक्षरं. न येतील तिथे टिंबं. चालवलं. तिसऱ्या ओळीत, टिंबांच्या गर्दीत, बाबांचं आडनाव. उठून पाणी प्यायले.

जेवताना आई म्हणाली, "एवढं उकरून काय मिळणार गं?"

"खरं काय ते कळेल."

"बरं." तिने ताटातलं तसंच ठेवलं.

१० मार्च

वेळ वाचायला गेले तर भलतंच साल! दोन तास वाया. मग ट्यूब पेटली — बाइट उलटे ठेवलेत, शेवटचा आधी. उलटून वाचले. तोच दिवस. तीच दुपार.

नर्सचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कुणास ठाऊक. "ताई, सव्वातीनला मी डोस तपासला, मग टोकाच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले. तुम्हीच बघा ना त्यात." रडत नव्हती. "बघतेच," म्हणाले आणि फोन ठेवला. धमकी दिल्यासारखं.

११ मार्च

डोस बरोबर. सव्वातीनची तपासणीही आहे. तिथवर तरी ती खरं बोलली.

३:४० — नळीत अडथळा. अलार्म सुरू. म्हणजे वाजला होता! ३:४१ — कुणीतरी बटण दाबलंय. कोणतं, ते अजून आकड्यांतून उलगडायचंय. दादाला कळवलं. "सोडायचं नाही तिला," तो म्हणाला.

१२ मार्च

'आवाज बंद'. तीन सेकंद दाबून धरलेलं.

नुसतं दाबलं तर अलार्म दोन मिनिटांनी पुन्हा वाजतो. दाबून धरलं तर कायमचा गप्प. ही सोय पुस्तिकेत नाही. कंपनीत पंप तपासताना आम्ही वापरतो — दिवसातून पन्नासदा, न बघता. नर्सला ती माहीतच नाही.

त्या दुपारी आई औषधं आणायला खाली गेली होती. दादा यायचा होता. बाबांचा नुकता डोळा लागला होता. अलार्म वाजल्याचं मला आठवतही नाही. हात गेला असणार.

खोलीत मी होते.

नोंदींची प्रत काढली आहे. आधी नर्सला फोन करते. मग दादाला.